राणीनं गाळलेलं वाक्य

कासियातीला लिहिता-वाचता येत नव्हतं. केतोप्राक म्हणजे आमच्याकडचं फिरतं लोकनाट्य, त्याच्या रंगपटात एक काळा फळा टांगलेला असे. त्यावर त्या दिवशीच्या खेळातले प्रवेश एकाखाली एक लिहिलेले, आणि प्रत्येकापुढे खडूनं नटांची नावं. बाकीचे नट तोंडाला रंग लावता लावता फळ्यावर नजर टाकून घेत. ही मात्र फळ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहायची आणि जो कुणी जवळ असेल त्याला विचारायची, "मी कुठं कुठं आहे रे?" तो सांगेल ते बोटांवर मोजून घ्यायची. जवळजवळ चाळीस वर्षं तिनं राण्या केल्या, राजमाता केल्या, दुष्ट सावत्र आया केल्या, आणि एकही वाक्य कागदावरून पाठ केलं नाही.

कागद नव्हताच. आमच्याकडचं केतोप्राक असंच चालतं. खेळाच्या आधी मंडळीचा मालक सगळ्यांना चटईवर बसवतो आणि गोष्ट ओततो. ओततो हाच शब्द. तू डावीकडून ये, राजाकडे रजा माग, तो देणार नाही, तू चिडून जा. एवढंच सांगतो. रजा कुठल्या शब्दांत मागायची आणि कसं चिडायचं ते ज्याचं त्यानं बघायचं. कुणी पाल्हाळ लावलं तर मालक कडेला बसून लाकडी ठोकळा वाजवतो, आणि नटाला कळतं की आता आवरतं घ्यायचं.

मी पाती जिल्ह्यातल्या या गावात आलो १९८४ साली, तेव्हा मला हा सगळा अडाणीपणा वाटला होता. मी सोलो शहरातला, कॉलेजात नाटक शिकलेला. शाळेत भाषेचा शिक्षक म्हणून रुजू झालो तेव्हा माझ्या पेटीत कपड्यांपेक्षा टिपणांच्या वह्या जास्त होत्या. स्वगत म्हणजे काय, जनांतिक म्हणजे काय, संघर्ष, परमोच्च बिंदू, शोकांतिका, सगळ्यांच्या व्याख्या तोंडावर. अकरावीच्या मुलांकडून मी त्या घोकून घेत असे. व्याख्या आली की नाटक समजलं अशी माझी पक्की समजूत होती. त्या माणसाची आठवण झाली की अजून कानशिलं तापतात, पण तो मीच.

कासियाती याच गावची. बाप मिठागरावर राबायचा. ती चौदा वर्षांची असताना गावाबाहेर मंडळीचा बांबूचा मांडव पडला, आणि दोन महिन्यांनी तो उठला तेव्हा ही त्यांच्याबरोबर निघून गेली. दिसायला सावळी, बुटकीच म्हणायची. पण राणीच्या आसनावर बसली की पुढच्या रांगेतली पोरं दाणे खायची थांबायची. एरवी तोंडाळ. माझी-तिची पहिली भेट बाजारात झाली, तेव्हा माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, "गुरुजी, एवढीशी काडी तुम्ही, आणि एवढाले ग्रंथ काखेत. आधी जेवत जा, मग वाचत जा." भाजीवाल्या खो-खो हसल्या. मला राग आला होता.

तिचा नवरा मंडळीतलाच, तलवारीच्या भूमिका करणारा. मूल पोटात असताना तो पूर्वेकडच्या दुसऱ्या मंडळीत गेला तो गेलाच. मुलगी झाली. तिचं नाव पालुपी. पण पोर जगेना अशी अवस्था. दोन वर्षांत तीनदा ती हातची जाता जाता राहिली. शेवटी गावातल्या जाणत्या म्हाताऱ्यानं मायलेकींचे जन्मवार मोजले. आमच्याकडे सात वारांच्या जोडीला पाच बाजारवारही धरतात, आणि दोहोंच्या आकड्यांवरून माणसांचं जमतं की नाही ते पाहतात. म्हातारा म्हणाला, "तुमचं दोघींचं जमत नाही. एका छपराखाली राहू नका. पोर बहिणीला देऊन टाक. आणि तिनं तुला कधी आई म्हणून हाक मारली, तर दोघींतली एक जाईल."

हे आमच्याकडे नवलाचं नाही. प्रत्येक आळीत एखादं मूल सापडेल, जे सख्ख्या आईला मावशी म्हणतं. कासियातीची थोरली बहीण सुपार्ती, तिला मूलबाळ नव्हतं, नवरा वाळवलेल्या जवळ्याच्या वड्या विकायचा. पालुपी तिच्या घरी गेली आणि महिन्याभरात बाळसं धरलं. मग कुणाची शंका राहिली नाही. सुपार्ती आई झाली, कासियाती मावशी झाली, आणि अख्ख्या गावानं तोंडाला कुलूप लावलं. भांडणातसुद्धा कुणाच्या तोंडून ते निसटलं नाही.

मंडळी दीड-दोन वर्षांनी गावाकडे फिरकायची. तेव्हा कासियाती रोज सकाळी बहिणीच्या ओट्यावर येऊन बसायची. उंबरा ओलांडायची नाही. पालुपीला पुढ्यात बसवून तिच्या केसांना खोबरेल चोळायची, शाळेचं विचारायची, एखादी रिबीन नाहीतर पितळी आकडा हातावर ठेवायची, आणि ऊन ओट्यावर आलं की उठायची. मुक्काम मांडवात. पालुपी सोळा वर्षांची झाली तोवर हे असंच चाललं होतं. कासियातीला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, आणि ती मिळाली तर पोर जाण्याची भीती होती. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं फक्त पालुपीला, आणि बाहेरून आलेल्या मला.

पालुपी माझ्या अकरावीच्या वर्गात होती. हुशार, पण पुढंपुढं करणारी नव्हे. पावसाळा संपून शाळा जोरात सुरू झाली होती. एके दिवशी मी फळ्यावर 'नाट्यात्म उपरोध' असं मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि खाली व्याख्या दिली: जी गोष्ट प्रेक्षकांना ठाऊक असते, पण नेमकी ज्याच्यावर ती बेतलेली असते त्या पात्राला ठाऊक नसते.

"उदाहरण द्या," मी म्हणालो. "पुस्तकातलं नको. आपल्या रोजच्या बघण्यातलं."

वर्ग एकदम चिडीचूप झाला. मागच्या बाकावर गियार्तो म्हणून एक मुलगा होता, त्याचं तोंड कधी बंद नसायचं. तो खिडकीबाहेर बघू लागला.

"काय रे गियार्तो? एरवी तर टकळी चालू असते."

"आज दाढ दुखतेय, सर."

कुणी हसलं नाही. मला वाटलं, कुणाला काही समजलेलं नाही. तेवढ्यात पालुपी उभी राहिली.

"सर, त्या पात्राला शेवटपर्यंत कळलंच नाही तर?"

"कळतं. कळावंच लागतं. तोच परमोच्च बिंदू."

"आणि कळल्यावर त्यानं काय करायचं?"

"ते नाटककार ठरवतो."

ती खाली बसली. तिचं समाधान झालेलं दिसलं नाही. बाकीचे सगळे वहीत माना घालून बसले होते. मी मनाशी म्हटलं, ही पोरं ठोंबी आहेत, यांना प्रत्यक्षच दाखवायला हवं. त्याच आठवड्यात गावाबाहेर मंडळीचा मांडव पडला होता.

मंडळीचा मालक राजिमान, साठीचा, लवंगेच्या सिगारेटीनं बोटं पिवळी पडलेली. मी त्याच्याकडे गेलो, त्यानं चहा दिला. मी ऐटीत सांगितलं, शाळेसाठी दुपारचा एक खेळ हवा. मुलांना त्यातून नाटकाच्या संज्ञा शोधायच्या आहेत. गोष्टही मीच सुचवली. अशा गोष्टी प्रत्येक मंडळीच्या पोतडीत असतात. राणीनं तान्हेपणी दुसऱ्याच्या पदरात टाकलेली मुलगी खेड्यात वाढते, सगळ्यांना ठाऊक, तिला नाही. ती राजवाड्यात भाजी विकायला येते, राणी तिला ओळखते आणि शेवटी सांगते की मी तुझी आई.

राजिमान बराच वेळ सिगारेटीच्या टोकाकडे बघत राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "बघू या. होईल, गुरुजी."

मी सोलोचा माणूस. आमच्याकडे इतक्या हळू दिलेला होकार म्हणजे नकार असतो, हे मला आईच्या दुधाबरोबर कळायला हवं होतं. पण मी नोंदवहीत तारीख लिहून घेतली आणि मुलांना सूचना द्यायला गेलो.

खेळाच्या दिवशी गोष्ट ओतताना मीही चटईवर जाऊन बसलो. राजिमाननं प्रवेश वाटले. राजा कोण, विदूषक कोण, भाजीवाली मुलगी कोण. ती नवी मुलगी होती, मंडळीत येऊन चार महिने झालेली, दूरच्या गावची. राणीशी आल्यावर राजिमान अडखळला आणि दुसऱ्या एका बाईचं नाव त्यानं घेतलं.

कासियाती सुपारी कातरत होती. तिनं मान वर केली नाही. "या मांडवात राणी कोण करतं?"

"तू करतेस. पण आज..."

"आज काय आहे? मला ताप नाही, खोकला नाही."

राजिमान माझ्याकडे बघत म्हणाला, "शेवटी राणीनं सांगायचं आहे. मुलीला."

"ऐकलं मी. कान शाबूत आहेत माझे." मग ती माझ्याकडे वळली. "गुरुजी, पोरं कुठं बसणार?"

"अगदी पुढं," मी म्हणालो. "पहिल्या तीन रांगा आपल्याच."

"बरं," ती म्हणाली, आणि पुन्हा सुपारी कातरू लागली.

दुपारचा खेळ म्हणजे तसा विनोदच. पत्र्याच्या भोकांतून उन्हाचे कवडसे राजवाड्याच्या पडद्यावर पडत होते, राजाच्या मुकुटाचा पुठ्ठा दिसत होता. पुढं शाळेची साठेक मुलं, प्रत्येकाच्या हातात मी आखून दिलेला कागद. स्वगत कुणाचं, जनांतिक कुठं, संघर्ष कोणता, उपरोध कोणता, परमोच्च बिंदू कोणतं वाक्य. मागं गावातली माणसं, कारण खेळ फुकट होता. मिठागरावरच्या बाया होत्या, कोळी होते. सुपार्ती एका खांबाला टेकून उभी होती. पालुपी पहिल्या रांगेत.

सगळं छान चाललं होतं. विदूषकानं माझीच नक्कल केली, काखेत वीट घेऊन ग्रंथ म्हणून मिरवली. मी खोटं खोटं हसलो. मग शेवटचा प्रवेश आला. भाजीवाली मुलगी टोपली घेऊन आत आली, राणीनं तिला बघितलं आणि ती आसनावरून उतरली. मी पेन्सिल सरसावली.

कासियाती मुलीजवळ गेली. हात वर करून केसांपर्यंत नेला आणि तिथंच थांबवला. काही बोलेना. राजिमाननं ठोकळ्यावर एक ठोका दिला. ती बोलेना. त्यानं दोन ठोके दिले.

"जेवलीस का?" राणीनं विचारलं.

नवी मुलगी गोंधळली. तिला सांगितलेलं हे नव्हतं. "जेवले, महाराणी."

"कशाशी?"

"भात... आणि मासळी."

"केसांना तेल लावतेस?"

"आई लावून देते," मुलगी म्हणाली. त्या बिचारीला काहीच ठाऊक नव्हतं, सुचलं ते बोलली.

कासियातीनं वर धरलेला हात खाली घेतला. "चांगलं लावते," ती म्हणाली. "तिचं ऐकत जा. जा आता. ऊन चढायच्या आत घरी पोच."

आणि पाठ फिरवून ती आसनावर जाऊन बसली. राजिमाननं तीन ठोके दिले आणि पडदा ओढून घेतला.

मी भयंकर संतापलो. परमोच्च बिंदूच गाळला या बाईनं. मुलं आता कागदावर लिहिणार काय? मी मुलांकडे वळलो, तर कुणीच लिहीत नव्हतं. मागं बाया पदर तोंडाशी धरून रडत होत्या. गियार्तो रडत होता. आणि मुलं, बाया, कोळी, सगळेच्या सगळे रंगमंचाकडे नव्हे, पहिल्या रांगेकडे बघत होते.

एवढी शांतता का झाली म्हणून पालुपीनं मागं वळून बघितलं. त्याबरोबर सगळ्या नजरा एकदम बाजूला गेल्या. कुणी पत्र्याकडे बघितलं, कुणी पायांकडे, आणि सुपार्ती खांबाआड झाली. पालुपी त्या वळवलेल्या चेहऱ्यांवरून एकेक करून नजर फिरवत राहिली. मग तिनं समोर बंद पडद्याकडे पाहिलं, मांडीवरचा कागद उचलला आणि लिहायला सुरुवात केली. सबंध मांडवात ती एकटीच लिहीत होती.

मी तरातरा रंगपटात गेलो. कासियाती खोबरेल लावून तोंडाचा रंग पुसत होती.

"बाई, शेवटचं वाक्य कुठं गेलं?"

"विसरले, गुरुजी. वय झालं आता."

ती अडतीस वर्षांची होती. मी आणखी काही बोलणार, तोच राजिमाननं माझं कोपर धरलं, मला बाहेर नेलं आणि मांडवाच्या मागं उभं करून सगळं सांगितलं.

"मग तुम्ही मला हो कशाला म्हणालात?" मी जवळजवळ ओरडलोच.

"गुरुजींना नाही कसं म्हणायचं?" तो म्हणाला. "आणि आमचंही चुकलं. आम्हाला वाटलं, तुम्हाला समजेल."

दुसऱ्या दिवशी मी कागद गोळा केले. जवळजवळ सगळे कोरे होते. पालुपीचा भरलेला होता. तो कागद आजही माझ्याकडे आहे. उपरोधाच्या रकान्यात तिनं लिहिलं होतं:

"राणीला ठाऊक होतं. प्रेक्षकांना ठाऊक होतं. मुलीला ठाऊक नव्हतं. शेवटी मुलीला कळलं, पण राणीच्या तोंडून नाही, प्रेक्षकांच्या चेहऱ्यांवरून. मुलगी राणीला हाक मारणार नाही. हाक मारली तर दोघींतली एक जाते, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. परमोच्च बिंदू: केसांना तेल लावतेस? सर, मुलीला कळलंय हे राणीला कळू देऊ नका. याला काय म्हणतात ते मला पुस्तकात सापडलं नाही."

मी तिला गुण दिले नाहीत. पेन हातात धरून बसून राहिलो आणि मग तो कागद माझ्या वहीत ठेवला. वर्गात तिनं विषय काढला नाही, मी काढला नाही. घरीही तिनं सुपार्तीला एका शब्दानं विचारलं नाही, हे मला सुपार्तीनंच पुढं सांगितलं. कासियाती रोज सकाळी ओट्यावर येत होती आणि पालुपी पूर्वीसारखीच तिच्या पुढ्यात बसून तेल लावून घेत होती.

महिन्यानं मंडळी निघाली. मांडवाचे बांबू गाडीत चढवत होते तेव्हा कासियाती माझ्या खोलीवर आली. मी खुर्ची दिली, ती जमिनीवरच बसली.

"गुरुजी, त्या दिवशी पोरीनं कागदावर काय लिहिलं?"

"परमोच्च बिंदू नव्हता म्हणून तक्रार केलीय तुमची."

ती हसली नाही. "मला वाचता येत नाही. तुम्ही काहीही सांगाल आणि मी ऐकून घेईन. उभा जन्म मी लोकांनी फळ्यावरचं वाचून दाखवलेलं ऐकलं. कुणी फसवलं नाही. तुम्हीही फसवू नका."

मी वही काढली आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. 'राणीला कळू देऊ नका' हेही वाचलं. एका मुलीनं माझ्यावर विश्वास टाकला होता आणि तो मी मोडला. ते बरोबर केलं की चूक, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

कासियाती म्हणाली, "ते तेलाचं पुन्हा वाचा."

मी वाचलं.

"माझं अक्षर न अक्षर धरलं पोरीनं," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. थोड्या वेळानं मी विचारलं, "तुम्ही ते वाक्य का गाळलंत? नाटकात बोलून काय होणार होतं? तुम्ही ते त्या दुसऱ्या मुलीला म्हणणार होता."

"म्हणून तर," ती म्हणाली. "माझी पोर समोर बसलेली. तिच्या देखत मी दुसरीला कसं म्हणू, मी तुझी आई?"

मग ती उठली, पदर सारखा केला आणि दारात थांबून म्हणाली, "मला कळलंय, हे तिला सांगू नका हं. तिला वाटू दे मला ठाऊक नाही. तिच्या मनासारखं होऊ दे." आणि जाता जाता, "जेवत जा, गुरुजी."

त्यानंतर बावीस वर्षं गेली. पालुपी नर्स झाली, जिल्ह्याच्या गावी नोकरीला लागली, तिचं लग्न झालं, तिला मुलगी झाली. मंडळीला लोक येईनासे झाले, मांडव मोडला, राजिमान वारला. कासियाती गावात परतली आणि बहिणीच्या घरापासून चार घरं सोडून एक खोली घेऊन राहिली. सकाळी गांदुल भात विकायची, केळीच्या पानावर, वर मटणाचा गरम रस्सा. सुटीला पालुपी आली की मायलेकी ओट्यावर बसायच्या. आता पालुपी तिच्या केसांना तेल लावायची, पांढऱ्या झालेल्या केसांना. मी रस्त्यानं जाताना कानावर पडायचं, "मावशी, मान खाली कर की जरा." "किती ओढतेस गं, टक्कल पाडशील मला." दोघींना सगळं ठाऊक होतं, आणि बावीस वर्षांत एकीचीही जीभ घसरली नाही. मी एवढी नाटकं पाहिली, शिकवली, असं काम कुठं पाहिलं नाही.

एकदा मी पालुपीला डिवचलं होतं. "तू लोकांना इंजेक्शनं देतेस, रक्त तपासतेस, आणि वारांचे आकडे मानतेस?"

"मानत नाही, सर," ती म्हणाली. "पण पैज कशी लावू? पणाला ती आहे."

कासियाती २००६ साली गेली. रोजच्यासारखी पहाटे भात शिजवायला उठली आणि चुलीपाशीच बसल्या बसल्या गेली. साठी गाठली होती. पालुपी तासाभरात मोटारसायकलवरून आली. तिचा चेहरा कोरडा होता. अंघोळ, कफन, नमाज, सगळं रीतीनं झालं. दुपारी अंगणात गाव जमलं. माझे कितीतरी विद्यार्थी होते, आता पोट सुटलेले, मिशा पिकू लागलेल्या. गियार्तो मच्छीमारांच्या संघाचा प्रमुख झाला होता, तो जनाज्याच्या पुढच्या उजव्या दांड्याला होता.

आमच्याकडे जनाजा घराबाहेर काढला की उचलणारे तो हात ताणून उंच धरतात, आणि गेलेल्या माणसाची मुलं-नातवंडं त्याच्या खालून तीनदा जातात, थोरल्यापासून धाकट्यापर्यंत. भाचरं जात नाहीत. जनाजा वर गेला. मशिदीतला मोदिन अशा वेळी सगळे विधी करतो, त्यानं सवयीनं विचारलं, "मुलं कोण? पुढं या."

मग त्याच्या लक्षात आलं आपण काय विचारलं ते, आणि त्यानं मान खाली घातली. अंगणात कुणी हललं नाही. मला तो वर्ग आठवला, फळ्यावरची माझी अक्षरं आठवली. सुपार्ती ओट्यावर काठी धरून बसली होती. ती पालुपीकडे बघत होती, पण काही बोलली नाही. बोलायचं तिचं नव्हतं.

पालुपी उठली. तिनं आपल्या दहा वर्षांच्या मुलीचा हात धरला.

"मी," ती म्हणाली.

वाकून ती जनाज्याखालून गेली, वळसा घालून पुन्हा आली, पुन्हा गेली. कुणीही नजर बाजूला वळवली नाही. या वेळी सगळे सरळ तिच्याकडेच बघत होते. तिसऱ्या खेपेला ती मधोमध थांबली. मुलीचा हात सोडला आणि दोन्ही तळवे वर करून खालच्या बांबूंना लावले.

"आई," ती म्हणाली. मग जरा मोठ्यानं, "आई गं."

तेवढा एकच शब्द ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, अडतीस वर्षं थकून राहिलेला. मी पन्नाशीला आलेला माणूस, चारचौघांत हमसून हमसून रडलो. वर धरलेले हात थरथरू लागले होते. एक जण म्हणाला, उशीर होतोय. पालुपीनं ते ऐकलं आणि ती बाहेर यायला वाकली.

"थांब, पालुपी," दांड्याखालून गियार्तो म्हणाला. "मार हवी तेवढी हाक. आम्ही धरलंय."